उपड्या चपलेचा फोटो

"...पण बाबा, बिल्ला नाही, नंबर नाही. मग ज्याची चप्पल त्यालाच कशी मिळते?"

विचारणारा शार्दूल पुण्याचा इंजिनिअर. फोटोतली वस्तू ओळखणारं यंत्र त्यानं बनवलं होतं. दर्ग्याच्या डोंगराखाली चपला सांभाळणारे हैदरबाबा तीस वर्षांत एकदाही चुकले नाहीत, हे काही त्याच्या गळी उतरत नव्हतं.

"तुझं यंत्र कसं ओळखतं?"

"लाखभर चपला दाखवल्यात त्याला."

बाबांनी एक चप्पल चिखलात उपडी टाकली. अर्धी पालापाचोळ्याने झाकली. शार्दूलनं मोबाइल धरला.

यंत्र म्हणालं, कासव.

शार्दूलचं तोंड एवढंसं झालं. दोन वर्षं घासली होती त्यानं, आणि उद्या कंपनीसमोर परीक्षा होती.

"उजेड कमी आहे. अर्धी झाकलीय. कोन बदलला की..."

"बदलणारच की," बाबा म्हणाले.

दिवसभर तो लॅपटॉप घेऊन तिथंच बसला. उपड्या, भिजलेल्या, एकमेकींखाली दबलेल्या चपला यंत्राला दाखवत राहिला. माणसं डोंगर उतरून येत होती. बाबा त्यांच्या तोंडाकडे बघतही नव्हते. पाय बघायचे आणि जोड पुढे सरकवायचे.

संध्याकाळी धुकं उतरलं. ओट्यावर एकच जोड उरला, तोही उपडा. शार्दूलनं फोटो काढला आणि ओरडलाच.

"चप्पल! नव्याण्णव टक्के! जमलं, बाबा!"

बाबा त्या जोडाकडे बघत राहिले...

मग त्यांनी तो सुलटा केला. झिजलेल्या उजव्या टाचेवरून अंगठा फिरवला.

"म्हातारी आहे. उजवा पाय ओढते. दुपारी चढली, हातात काठी नव्हती."

चपला काखेत मारून, स्वतःची काठी घेऊन ते पायऱ्या चढू लागले. शार्दूल मोबाइलचा उजेड धरून मागे धावला.

तिसऱ्या वळणावर, कठडा तुटला होता तिथं, एक म्हातारी बसली होती. थंडीनं कुडकुडत होती. हाका मारून तिचा आवाज बसला होता. दोन हातांवर खोल दरी.

बाबा वाकले. तिच्या पायांशी चपला ठेवल्या, हातात काठी दिली.

शार्दूलनं मोबाइलचा उजेड त्या चपलांवर धरला.

"बाबा... एका चपलेत तुम्हांला एवढं दिसलं?"

"चप्पल तर तुझ्या यंत्रालाही दिसली, बेटा. तिच्यात पाय नव्हता, ते मला दिसलं."