मागची सीट

“...मग या दोन्हीतली कुठली घेऊ, बुवा?”

भानुबुवा मठाच्या पायरीवर बसून शेंगा सोलत होते. समोर चिंचेखाली दोन छोट्या गाड्या उभ्या होत्या, एक लाल आणि एक पांढरी. दोन शोरूमची दोन पोरं आपापल्या गाडीला टेकून, एकमेकांकडे पाठ करून उभी होती.

त्या भागात एक रीत होती. नवी गाडी घरी नेण्याआधी पहिली बैठक बुवांची. मठापासून कालव्याच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. बुवा पुढं, चालवणाऱ्याच्या शेजारी बसायचे, उतरताना डॅशबोर्डवर शेंगदाण्याचे चार दाणे ठेवायचे. झाली पूजा.

पण घेण्याआधीच दोन गाड्या मठावर आणून उभ्या करणारा अंकुश पहिलाच.

“बघून आलास ना तू?” बुवांनी विचारलं.

बघून म्हणजे काय, अंकुशनं दोन्ही गाड्या पाठ केल्या होत्या. शाळा त्याला कधी मानवली नाही, कागद वाचायचा कंटाळा. पण शोरूमच्या माणसानं सांगितलेलं सगळं त्याच्या डोक्यात जसंच्या तसं बसलं होतं. लालमध्ये एसीचा वारा मागच्यांनाही वेगळा मिळतो. पांढरीत तो मिळत नाही, पण तिची मागची सीट रुंद, गादी जाड. लालची ड्रायव्हरची सीट वरखाली होते. पांढरीला क्लचच नाही, एका पायानं चालवा. लालची डिकी मोठी. पांढरी खड्ड्यात आपटत नाही, पोटातलं पाणी हलत नाही.

“पांढरीच्या डिकीत पोतं मावत नाही, हे पण सांग,” लाल गाडीचं पोरगं तिकडून म्हणालं.

“तुझ्या सीटवर बसलं की कंबर मावत नाही, ते कोण सांगणार?” पांढरीवाला म्हणाला.

अंकुश हसला नाही. लहूदादा गेल्यापासून तो हसलाच नव्हता. रडलाही नव्हता.

लहू त्याचा थोरला भाऊ. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, स्वतःच्या दारात एक मोटारसायकल. तिच्यावर बसवूनच अंकुशला त्यानं चालवायला शिकवलं. आणि छातीत कळ आली त्या दुपारी अंकुशनं त्याला तिच्यावरच घेतलं. गावात एकही चारचाकी जागेवर नव्हती. मग त्यानं दादाला पाठीशी बसवलं, उपरण्यानं आपल्या कमरेला करकचून बांधलं आणि तालुक्याचा दवाखाना गाठायला निघाला. दवाखाना आला तेव्हा उपरणं सोडायचं तेवढं राहिलं होतं.

सांत्वनाला आलेलं कुणीतरी ओसरीत म्हणालं, चारचाकी असती तर वाचला असता.

म्हणणारा चहा पिऊन निघून गेला. अंकुशच्या डोक्यातून ते वाक्य काही गेलं नाही. वहिनीशी तो बोलेना, आईसमोर बसेना. रोज शोरूमच्या वाऱ्या. मोटारसायकल बदल्यात द्यायची, हे त्यानं परस्पर ठरवून टाकलं होतं. पांढरीवाला ती आज संध्याकाळीच न्यायला तयार होता. वहिनी एवढंच म्हणाली होती, तिला हात लावू नका भावजी. त्यानं ऐकलं नाही.

“आमच्या घरात आता कुणी दुचाकीवर मरणार नाही,” अंकुश म्हणाला. “आज ठरवणार म्हणजे ठरवणार. तुम्ही फक्त बोट दाखवा.”

बुवांनी शेंगांची टरफलं झटकली. उठले. लाल गाडीजवळ गेले.

अंकुशनं पुढचं दार उघडून धरलं.

बुवांनी मागचं दार उघडलं आणि ते सीटवर आडवे झाले. पाय पोटाशी घेतले. डोळे मिटले.

“बुवा... असं काय?”

“याच्यासाठीच घेतोयस ना? चल.”

अंकुश गाडीत बसला. मठाचा रस्ता दगडधोंड्यांचा. तो पुढून विचारत राहिला, वारा लागतोय का? लागतोय. पाय पुरतात का? मोडून घेतले तर पुरतात. पुलाच्या अलीकडंच त्यानं गाडी वळवली. शोरूमला जातानाही तो हल्ली पूल टाळून लांबच्या रस्त्यानं जायचा.

 परत आल्यावर बुवा लालमधून उतरले आणि पांढरीत तसेच आडवे झाले.

“आता पुलापर्यंत,” म्हणाले.

पांढरी खरंच लोण्यासारखी चालत होती. खड्डे येत होते आणि न कळता मागं जात होते. काचा बंद, इंजिनाचा आवाज नाही.

“गादी कशी आहे, बुवा?”

“मऊ आहे.”

थोडं पुढं गेल्यावर त्यानं परत विचारलं, “हीच बरी वाटते ना?”

...

“बुवा?”

त्यानं आरशात पाहिलं. आरशात मागची काच होती, काचेत धुरळा होता. माणूस दिसत नव्हता.

“बुवा...”

पूल समोर आला होता.  अंकुशनं कान मागं लावले. एसीच्या वाऱ्याखेरीज काही ऐकू येईना. मागचा माणूस जागा आहे की झोपलाय, आहे की नाही... काही कळायला मार्ग नव्हता.

त्यानं पुलावरच कचकन ब्रेक दाबला, पट्टा काढला आणि अंगातली सगळी ताकद लावून मागं वळला.

बुवा डोळे उघडे ठेवून पडले होते. शांत.

“ओ का दिली नाही?” अंकुश ओरडला. त्याचा आवाज चिरकला. “मला काय कळणार तुम्ही...”

“त्या दिवशी कसं कळलं?”

अंकुश पुन्हा पुढं वळला.

“कुठं कळलं?”

“...इथंच. पुलावर.” त्यानं मानेवर हात नेला. “इथं श्वास लागत होता त्याचा. गरम. घरापासून पुलापर्यंत लागत होता. मग...”

“काही बोलला?”

“बोलला ना.” अंकुशच्या तोंडावर काहीतरी हललं. “मी पळवत होतो, तर म्हणतो, बारीक कर, पुढं खड्डा आहे. तशात पण मला शिकवत होता. गीअर पाड म्हणाला. मी पाडला. तर म्हणाला... जमलं बघ तुला.”

“आणि हात?”

“हात माझ्या पोटाशी. घट्ट. डोकं इथं, पाठीवर.”

एवढं बोलला आणि अंकुशचं कपाळ स्टेअरिंगवर टेकलं. खांदे हलायला लागले. बुवांनी त्याला रडू दिलं. मागून ट्रॅक्टर आला, हॉर्न वाजवून कंटाळला आणि बाजूनं निघून गेला.

बऱ्याच वेळानं अंकुशनं उपरण्यानं तोंड पुसलं. तेच उपरणं. सरळ बसला. किल्लीला हात घातला.

“गाडी मी घेणारच, बुवा,” तो म्हणाला. आता आवाजात कढ नव्हता. “आईला न्यायला-आणायला लागणार. फक्त कुठली, ते सांगा.”

“कुठलीही घे. दोन्ही चांगल्या आहेत.”

बुवा अजून आडवेच होते. त्यांनी हात लांब केला. तळवा पुढच्या सीटच्या पाठीमागं टेकला, तिथंच थांबला.

“इथनं पुढच्याची पाठ हाताला लागत नाही, एवढंच.”