शेजारची खुर्ची

सॉफ्टवेअर कंपनीतल्या धारणकर साहेबांना आकड्यांचं भारी वेड. सकाळच्या स्टँडअप मीटिंगमध्ये ते वैजयंतीवर सगळ्यांसमोर बरसले, "टेस्टर ना तुम्ही? या महिन्यात इरफानच्या कोडमध्ये एकही बग सापडला नाही! मग दिवसभर करता काय?"

डेव्हलपर इरफान कोड लिहायला बसला की वैजयंती शेजारी खुर्ची ओढून बसायची आणि कुठे काय फसेल ते आधीच सांगायची. कोडमधले दोष, म्हणजे बग, जन्मालाच येत नव्हते, तर पकडणार कुठून?

इरफान तिची बाजू घ्यायला पुढे सरसावला, तोच ती म्हणाली, "किती बग हवेत तेवढं सांगा, साहेब. आज मी इरफानच्या शेजारी बसत नाही; तो चहाच्या आधी घालून देईल, मी चहानंतर पकडून दाखवते."

हशा पिकला.

"नको," साहेब म्हणाले, "बाकीच्या टेस्टरांच्या खुर्च्याच डेव्हलपरांशेजारी हलवा."