ठमाबायची रिकामी गाठ

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते विचारू नका, खाडीला काय कुणी वय विचारतं? खारउंबरी गावात तेव्हा वीज नव्हती, सडक नव्हती. होतं ते मीठ. पावसाळा सरला की सगळं गाव मिठागरावर. बापे बांध लिंपायचे, वाफ्यांतलं मीठ ओढायचे, आणि बाया टोपल्या डोक्यावर घेऊन राशी घालायच्या. तान्ही पोरं झोळीत झोपायची. मोठी पोरं हाताखाली असायची. प्रश्न होता मधल्यांचा.

मधली पोरं म्हणजे कोण, तर ज्यांना धड चालता येत नाही, पण डोळ्याला डोळा लागला की जी नाहीशी होतात ती! दिसेल ते तोंडात, मिळेल ते डोक्यावर ओतायचं, आणि 'नको' म्हटलं की मुद्दाम तेच. घरोघरी असतात, तुम्हीही तसेच होतात, उगाच हसू नका.

या मधल्यांना सांभाळायची ठमाबाय. बांधाच्या अलीकडे एक भेंडीचं झाड होतं, भाजीची भेंडी नव्हे, खाडीकाठचा मोठा वृक्ष. झाडाच्या बुंध्याला चिंध्यांच्या दोऱ्या, आणि दर दोरीच्या टोकाला कमरेत बांधलेलं एकेक पोर. जुन्या लुगड्यांच्या पट्ट्या पिळून ठमाबाय त्या दोऱ्या स्वतः करायची, आणि गाठही स्वतः मारायची. तिची गाठ कधी सुटायची नाही. असं म्हणतात, होडीवाले तांडेलसुद्धा तिच्याकडे गाठ शिकायला यायचे.

ही रीत तिनेच पाडली होती, आणि का, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा एकुलता एक सुकऱ्या. नुकता चालायला लागलेला. ठमाबाय टोपली उतरवायला वळली, आणि तेवढ्यात तो खाडीकडे गेला. पुढचं सांगवत नाही. त्यानंतर ठमाबायने पुन्हा टोपली उचलली नाही. ती झाडाखाली बसली आणि दुसऱ्यांची पोरं बांधू लागली. खरं सांगायचं तर त्या दोऱ्यांनी गावाची पोरं वाचवली. पाण्यात एकही गेलं नाही.

पण एका दुपारी काय झालं, उंदराने कुरतडली होती की काय, येसूच्या मंजीची दोरी बुंध्यापाशी तुटली. मंजी दोन वर्षांची होऊन गेली होती, पण उभी राहत नव्हती. बसल्या बसल्या सरकायची. ठमाबाय धावली, आणि मधेच थबकली.

मंजी सरकत सरकत निघाली होती. दोरी जिथपर्यंत पुरायची तिथपर्यंत गेली, आणि थांबली. पुढे एक चिंबोरी चालली होती, लाल नांगीवाली, चांगली हातभर अंतरावर. मंजीने हात पुढे केला. पुरला नाही. तिने चिंबोरीकडे पाहिलं, आणि वळून मुकाट झाडापाशी परत आली. तुटलेली दोरी तिच्या मागून फरफटत होती.

ठमाबाय खाली पाहत राहिली. झाडाभोवती पोरांच्या गुडघ्यांनी जमीन झिजून गोल रिंगण पडलं होतं. इतकी वर्षं ते तिच्या डोळ्यांसमोर होतं, पण दिसलं ते त्या दिवशी. तिला रडू कोसळलं. ती मंजीला उराशी धरून म्हणाली, "बाय माझे, मी तुला पाण्यापासून बांधलं गो, आणि तू सगळ्यापासूनच बांधली गेलीस."

संध्याकाळी आया पोरं न्यायला आल्या तेव्हा ठमाबाय म्हणाली, "उद्यापासून दोरी नाय."

झालं! गलका उडाला. "म्हातारी चळली!" कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, "आमी तिकडं मीठ वाहू का हिकडं नजर लावून बसू?" शेवटी येसू पुढे झाली. येसू तशी कमी बोलणारी बाई, पण त्या दिवशी तिला राहवलं नाही.

"ठमाबाय, तुझं पोर गेलं, आणि तूच सोड म्हणतेस?"

"माझं गेलं, म्हणून तर बांधली मी. भिऊन बांधली. पोरांसाठी नाय गो, माझ्यासाठी बांधली." ठमाबायने पदराने डोळे पुसले. "मी मागं मागं फिरन. पाण्याच्या आणि पोरांच्या मधी मी उभी राहीन."

बायांनी तिथेच ठरवलं. एक जरी पोर पाण्याला शिवलं, तरी दोऱ्या पुन्हा बांधायच्या, आणि ठमाबायने झाडाखाली पाऊल टाकायचं नाही. ठमाबायला दुसरं होतं काय? घर रिकामं होतं. पोरं गेली तर ती गेल्यातच जमा होती. तरी ती हो म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झालं, ते काय सांगू! नुसती जत्रा. एक पोर आपटलं, रडावं की नाही म्हणून त्याने ठमाबायकडे पाहिलं. ठमाबायचा जीव वरखाली झाला, पण ती जागची हलली नाही. ते उठलं, पुन्हा आपटलं, पुन्हा उठलं. दुसऱ्याने करवंटीत वाळू भरली, ओतली, भरली, ओतली, अख्खी सकाळ तेच. "काय रे, मुकादमाने कामाला लावलाय काय तुला?" ठमाबाय म्हणायची. दोघी पोरी पाठीला पाठ लावून खेळायच्या, एकमेकींशी एक अक्षर नाही, पण एक उठली की दुसरी भोकाड पसरायची. चावाचावी तर रोजचीच. चावलेल्याला ठमाबाय फुंकर घालायची, आणि चावणाऱ्यालाही फुंकर घालायला लावायची. मग चावणारं पोर दिवसभर दिसेल त्याला फू फू करत हिंडायचं. भात ती भरवायची नाही. पुढ्यात ठेवायची. निम्मा नाकात, निम्मा केसांत, पण हळूहळू घास तोंडाची वाट शिकला.

पोरं ठमाबायपेक्षा एकमेकांकडूनच जास्त शिकायची. एकाने ओंडक्यावर पाय टाकला की सगळ्यांचे पाय ओंडक्यावर. ठमाबाय फक्त पाण्याच्या बाजूला उभी राहायची. असं म्हणतात, त्या दिवसांत तिच्या पाठीलाही डोळे फुटले होते.

आणि सोडलेल्या दोऱ्यांचं तिने काय केलं? त्या सगळ्या एकीला एक जोडून एक लांब दोरी केली. हात हातभर अंतरावर एकेक जाडजूड गाठ. दोरीचं पुढचं टोक तिने स्वतःच्या कमरेला बांधलं. पोरांनी एकेक गाठ धरायची आणि तिच्या मागून गावदेवीच्या टेकाडापर्यंत जाऊन यायचं. जाताना गाणं म्हणायचं:

"चिंबोरी चालते तिरकी तिरकी,
आमी चालतो सरळ,
गाठ धरा गो, गाठ धरा रे,
टेकाड आलं जवळ."

सरळ म्हणे! अहो, ती रांग कसली, वेलीसारखी वाकडी चालायची. मधेच कुणी दगड उचलायला बसायचं, की मागचं त्याच्यावर आदळायचं. पण गाठ सोडायची नाही, हे मात्र सगळे शिकले.

दोरीच्या शेवटी ठमाबायने एक गाठ जास्तीची मारली होती. ती कुणी धरायची नाही. "ती माझ्या सुकऱ्याची," ती म्हणायची. पोरांना त्यात काही वावगं वाटायचं नाही. त्या वयात न दिसणारं माणूसही सोबतीला चालतं.

सगळी पोरं टेकाडापर्यंत जाऊ लागली, एकटी मंजी सोडून. ती रिंगणाच्या कडेपर्यंत सरकायची आणि तिथेच बसायची. ठमाबायने तिला ओढलं नाही, उचलून पलीकडेही ठेवलं नाही. रोज रिंगणाच्या हातभर पलीकडे ती शिंपले ठेवायची आणि वाट बघायची. रांग टेकाडाकडे जायची तेव्हा कुणीतरी मोठी पोर मंजीपाशी बसायची. येसू संध्याकाळी येऊन विचारायची, "उठली?" ठमाबाय म्हणायची, "अजून तिचा दिवस नाय आला." येसू पोरीला कडेवर घ्यायची आणि चालू लागायची. ठमाबायला तिच्या पाठीकडे बघवायचं नाही.

मग आलं होळीच्या पुनवेचं उधाण. भर दुपारची वेळ. बाया-बापे लांबच्या वाफ्यांत होते, मोठी पोरंही राशींवर गेली होती. आणि बांध फुटला. असा आवाज झाला, की टेकाडावरचे कावळे उठले. आया इकडे यायला धावल्या, पण मधून पाणी लोटत होतं. पलीकडून त्यांना फक्त भेंडीचा शेंडा दिसत होता. येसू ओरडत होती ते तिचं तिलाही ऐकू येत नव्हतं.

झाडाखाली ठमाबायने पाणी येताना पाहिलं. हेच पाणी तिने एकदा पाहिलं होतं. पण तिने आवाज थरथरू दिला नाही. दोरी कमरेला बांधली, नव्याने आलेली, अजून रांगणारी दोन पोरं दोन्हीकडे कडेवर घेतली आणि गाणं सुरू केलं. "चिंबोरी चालते तिरकी तिरकी..." पोरांना काय, रोजचाच खेळ! ज्याने त्याने आपापली गाठ धरली आणि रांग निघाली.

रिंगणाच्या कडेला मंजी बसलेली. ठमाबायचे दोन्ही हात भरलेले, मागे सगळी रांग. ती थांबली तर सगळेच थांबतील. "मंजे, ये गो बाय!" ती पुढे जाता जाता हाका मारत होती. मंजी हात पुढे करत होती आणि मागे घेत होती. पाणी झाडाच्या मुळांना लागलं.

रांगेच्या शेवटी नाग्या होता, चावणारा, दिवसभर फू फू करत हिंडणारा. मागून सुकऱ्याची रिकामी गाठ जमिनीवरून फरफटत चालली होती. ती मंजीच्या समोरून जाऊ लागली तेव्हा नाग्याने मागे वळून पाहिलं. तो कधी नव्हे तो गाठ सोडून खाली वाकला, रिकामी गाठ उचलली, मंजीच्या मुठीत कोंबली, तिच्या तोंडावर एक फू केलं, आणि पुन्हा आपली गाठ धरली. दोरीला ताण आला. मंजी आधी गुडघ्यांवर आली. मग उभी राहिली. आणि मग तिचा पाय रिंगणाबाहेर पडला.

असं म्हणतात, तोवर पाणी थांबलं होतं. झाडापाशी आलेली लाट रिंगणाच्या कडेला टेकून उभी राहिली, आणि शेवटची गाठ पुढे गेल्याशिवाय तिने रिंगण ओलांडलं नाही. पाणी कधी थांबतं का, असं तुम्ही म्हणाल. म्हणा बापडे. खारउंबरीत जाऊन मात्र म्हणू नका, तुम्हाला पाणीसुद्धा विचारणार नाहीत.

पाण्याचा जोर कमी झाल्यावर आया छातीभर पाण्यातून अलीकडे आल्या. भेंडीखाली पाणीच पाणी. रिंगण नाही, पोरं नाहीत. येसूने झाडाला मिठी मारली आणि ती खाली बसणार, इतक्यात टेकाडावरून गाणं आलं. बेसूर, बोबडं, निम्मे शब्द खाल्लेलं. बाया वर धावल्या.

येसू मात्र अर्ध्या वाटेवर थांबली, कारण वरून मंजी येत होती. पायांवर! दोन्ही हात पसरून, डुलत, मधेच खाली बसत, पुन्हा उठत, एका मुठीत अजून ती गाठ धरलेली, आणि तिच्या मागे गाठीसकट अख्खी रांग ओढली जात होती. येसूचे हात उचलून घ्यायला पुढे झाले. तिने ते मागे घेतले. ती जमिनीवर बसली आणि मंजी आपल्या पायांनी तिच्यापर्यंत येईस्तोवर बसून राहिली. मग जी रडली! सगळं टेकाड रडलं, असं म्हणतात.

मागाहून येसू ठमाबायपाशी आली आणि दोरीचं टोक तिच्या हातात देत म्हणाली, "ठमाबाय, सुकऱ्यानं माझी मंजी आणली गो." ठमाबायने ती गाठ गालाला लावली.

ठमाबाय पुढे पुष्कळ जगली. ती गेली तेव्हा तिला न्यायला जी रांग लागली, तिच्यात मिशीवाले बापे होते, नातवंडं झालेल्या बाया होत्या. सगळ्यांत पुढे मंजी चालत होती, असं म्हणतात, आणि रांगेच्या शेवटी नाग्या.

आता खारउंबरीत अंगणवाडी आहे, भिंतींवर हत्ती-घोडे रंगवलेले आहेत. पण दारामागच्या खुंटीला चिंध्यांची एक लांब दोरी अजून टांगलेली असते. गावातलं पोर चालायला लागलं की त्याची आई आपल्या जुन्या साडीची पट्टी घेऊन येते आणि दोरीत एक गाठ वाढवते. रोज सकाळी पोरं गाठी धरून टेकाडापर्यंत जाऊन येतात. शेवटची गाठ रिकामी ठेवतात. आणि एखादं नवं पोर दाराशी बसून राहिलं, उठेचना, तर ताई त्याला ओढत नाही, दटावत नाही. ती रांग घेऊन सावकाश त्याच्यासमोरून जाते. रिकामी गाठ त्याच्यापाशी येते, आणि पुढचं कुणीतरी चिमुरडं न सांगता मागे वळतं, ती उचलून त्याच्या मुठीत देतं, आणि तोंडावर फू करतं.