साठ शुभेच्छुक आणि एक साहेब

शिक्षणसंस्थेची नवी वेबसाइट पाहून अध्यक्ष तात्यासाहेब नलवडे गरजले, "वरचा, बाजूचा, तळाचा, तिन्ही मेनू वेगवेगळे कशाला? सगळे एकाच रंगात, एकाच मापात करा. आपल्याकडे भेदभाव चालत नाही."

वरच्या मेनूतलं 'प्रवेश' मुलांना पटकन सापडावं म्हणून मोठं ठेवलंय, हे वेबसाइट करणाऱ्या शलाकाने परोपरीने समजावलं. उद्या प्रवेश सुरू होणार होते, पण साहेब ढिम्म हलेनात.

साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्सही तिच्याकडेच होता. तासाभरात तिने त्याचा नमुना टेबलावर पसरला. साहेब आणि साठ शुभेच्छुक, सगळे फोटो एकाच मापाचे.

साहेबांचा पारा चढला. "अहो, यात मी कुठाय?"

"शोधा ना साहेब. उद्या मुलं 'प्रवेश' असंच शोधणार आहेत."

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा शोधलं, आणि हळूच म्हणाले, "ते प्रवेशाचं मोठं करा. आणि मलाही."