एका भिंतीचे दोन राऊटर

खेड्यापाड्यांत वायफाय नुकतंच पोचलं होतं, तेव्हाची गोष्ट. एका भिंतीच्या अलीकडे दवाखाना, पलीकडे वाचनालय. दवाखान्यातल्या राऊटरचं नाव धन्वंतरी, वाचनालयातल्या राऊटरचं शारदा. नावं वेगळी, पासवर्डही वेगळे. पण दोघं बोलायची एकाच चॅनेलवर, म्हणजे हवेतल्या एकाच वाटेवर: सहाव्या. त्यामुळे कोणाचंच धड पोचत नसे.

एका दुपारी नर्स मालनताई तापाने फणफणलेलं बाळ शहरातल्या डॉक्टरांना मोबाइलवर दाखवत होत्या. चित्र सारखं अडकत होतं. बाळाची आई रडकुंडीला आली.

धन्वंतरी कळवळून ओरडला, "शारदाताई, जरा गप्प बस ना!"

"मी का म्हणून? इथं मुलं अभ्यास करतायत. सहाव्यावर आधी मी आले!"

धन्वंतरीला असा राग आला, की आणखी जोरात ओरडावं. तेवढ्यात बाळ कण्हलं.

"बरं बाई, सहावं तुझं. मी अकराव्यावर जातो," तो म्हणाला.

क्षणभर त्याचे सगळे दिवे विझले. मालनताईंचा जीव वरखाली झाला. मग दिवे लागले, फोन पुन्हा जोडला गेला आणि डॉक्टरांचा आवाज खणखणीत आला, "घाबरू नका, बाळ बरं होईल. मी सांगतो तसं करा."

थोड्या वेळाने भिंतीपलीकडून शारदा हळूच म्हणाली, "अरे, माझीही पानं पटापट उघडायला लागली. अकरावं इतके दिवस रिकामंच होतं होय?"