पोरांचं वावर

कातळावरचं हे एवढंसं वावर दिसतंय ना, त्यात पाय घालू नका. बांधावरूनच बघा. खडपेवाडीच्या पोरांचं वावर आहे हे. इथे मोठ्या माणसाची सत्ता चालत नाही.

असं सांगतात, एका टंचाईच्या साली अख्ख्या गावाचं नाचणीचं बी पाटलाच्या चुलीवर, धुरात टांगून ठेवलं होतं. मोठी माणसं डोंगरात पाला तोडायला गेली. पोरं भुकेली. त्यांनी कणसं काढली, मळली, जात्यावर दळली आणि भाकऱ्या थापल्या. आईबापांसाठीही झाकून ठेवल्या म्हणे. माणसं परतली आणि त्या भाकऱ्या बघून चुलीकडे धावली. वर एक कणीस उरलं नव्हतं. शेजारच्या गावांतही दाणा नव्हता. पेरायला काही नाही म्हणजे गाव उठलंच, घरंदारं सोडून.

पाटलाने काठी उगारली. ठकू सुईण आडवी आली. गावातली सगळी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली.

"मारतोस कुणाला? बी कंचं न् खायाचं कंचं, तू शिकवलंस त्यांना? त्यांनी ताटातली भाकर तेवढी बघितली."

मग तिने पोरांनाच जात्याभोवती बसवलं. धुळीतून, फटींतून मोहरीएवढे दाणे वेचायला लावले. मूठभर निघाले. जागा ही निवडली, कारण इथून रानडुक्कर लांबून दिसतं. माती पोरांनी ओंजळींनी वाहिली. पेरलं पोरांनी, रोपं लावली पोरांनी, पाखरं हाकलली पोरांनी. ठकू बांधावर बसून नुसती ओरडायची.

कणसं भरली तेव्हा गाव कंदमुळं उकडून खात होतं. पाटलाचा हात एका कणसाकडे गेला. त्याचीच नात येसू, कमरेएवढी पोर, मध्ये उभी राहिली.

"आजा, हात काढ. बी हाय ते."

पाटलाने हात काढला. त्या साली कुणी एक दाणा तोंडात टाकला नाही, असं सांगतात. पुढच्या साली सगळ्या वावरांत नाचणी होती. गाव उठलं नाही.

आजही आमचं पोर शाळेच्या आधी या वावरात येतं. स्वतः पेरतं, राखतं, बी बाजूला काढतं, मग पहिली भाकर खातं. पाकिटातलं पीठ आमच्याकडेही येतं, पण ते कुठून येतं हे आमच्या पोराला विचारून बघा.

तुम्हालाही भाकर मिळेल. फक्त मला मागू नका. ती लाल झग्यातली कौसा बसलीय ना, यंदाची राखण तिची. तिला विचारा, आणि नीट विचारा.