पाण्याकडे कुठून उतरायचं?

माळापलीकडच्या एका जंगलात, मोठ्या तळ्याच्या काठी, एक टिटवी राहत असे. उन्हाळा आला की तळ्याचे पाणी आत आत सरके आणि भोवती नुसता गाळ उरे. वरून तो वाळलेला, भेगाळलेला दिसे. पण पाय ठेवला की जनावर पोटापर्यंत रुतलेच म्हणून समजा! पाण्यापर्यंत जायला धड वाट एकच होती, अर्जुनाच्या झाडाखालची. तिथे चिखलाखाली खडक होता. जंगलातल्या जुन्या प्राण्यांना ती वाट पाठ होती. पण आसपासचे ओढे आटले की लांबलांबून तहानलेले प्राणी येत, आणि जो तो काठावरच्या टिटवीला विचारी, "टिटवीताई, पाण्याकडे कुठून उतरायचं?"

"अर्जुनाखालून जा. दुसरीकडे कुठे पाय टाकू नका," टिटवी सांगे. सकाळी सशाला, दुपारी मुंगसाला, संध्याकाळी चितळांच्या कळपाला. सुरुवातीला तिला यात मोठेपणा वाटला. वैशाख उजाडेपर्यंत मात्र तिचा घसा बसला, आणि घरट्यातली अंडी उबवायलाही तिला उसंत मिळेना. अर्जुनाच्या फांदीवर एक वानर बसलेले असे. नवा प्राणी दिसला की ते ओरडे, "आला बघा आणखी एक! अहो, कान घरी विसरलात का?" मग जुने प्राणी हसत. आपला त्रास कोणाला तरी कळतो आहे, असे वाटून टिटवीला मनातून बरे वाटे.

एके दुपारी एक नीलगाय आपल्या वासराला घेऊन आली. ती दोन दिवस चालत होती. "बाई, पाण्याकडे..." एवढेच तिच्या तोंडून निघाले, तोच टिटवी कडाडली, "पुन्हा तेच! सगळ्या जंगलाला ठाऊक आहे. जरा डोळे उघडून बघा की!" वानर खो खो हसले. नीलगाय ओशाळली. मान खाली घालून ती वासरासह काठाकाठाने पुढे निघून गेली. टिटवी अंड्यांवर जाऊन बसली. 'चला, एकदाची शांतता मिळाली,' ती मनात म्हणाली.

ती शांतता फार वेळ टिकली नाही. नीलगायीचा हंबरडा ऐकून टिटवी उडाली आणि पाहते तो काय, वासरू पोटापर्यंत गाळात रुतलेले! ते सुटायला धडपडे आणि आणखी खाली जाई. खडकाची एक कड वासराच्या जवळपर्यंत गेली आहे, हे तिला माहीत होते. ती पाणी पिणाऱ्या गव्याकडे झेपावली. "दादा, माझ्यामागून या! हळू... आता डावीकडे एक पाऊल... थांबा, पुढे खडक संपतो!" गव्याने मान लांबवली, वासराच्या पोटाखाली शिंगे घातली आणि त्याला उचलून खडकावर ठेवले. चिखलाने माखलेले वासरू थरथरत आईला बिलगले.

"अहो, मला नीट विचारलं असतं तर!" टिटवी धापा टाकत म्हणाली.

"विचारलं होतं, बाई," नीलगाय शांतपणे म्हणाली. "तुम्ही तो प्रश्न शंभरदा ऐकला असेल. मी मात्र पहिल्यांदाच विचारत होते."

टिटवीने सगळ्या प्राण्यांना बोलावले आणि खाली मान घालून आपली चूक सांगितली. "पण एकटीनं किती बोलायचं? मलाही झेपत नाही," असेही ती म्हणाली. गवा म्हणाला, "मग वाटच बोलकी करू या." माळावरच्या पांढऱ्या गारगोट्या आणून प्राण्यांनी वाटेच्या दोन्ही बाजूंना रांगा लावल्या. शिवाय असे ठरले, की जो पाणी पिऊन वर येईल त्याने काठावरच्या नव्या प्राण्याला वाट सांगायची आणि मगच जायचे. तेव्हापासून बहुतेक प्राणी विचारल्यावाचूनच पाण्यापर्यंत पोहोचू लागले.

तरीही एक दिवस एक म्हातारे अस्वल येऊन काठावर थबकले. "पाण्याकडे कुठून उतरायचं?" त्याने विचारले.

"एवढे पांढरे दगड मांडलेत, ते दिसत नाहीत का?" वानर वरून खेकसले.

"नाही रे बाबा," अस्वल म्हणाले. "दोन्ही डोळे अधू झालेत."

टिटवीने वानराकडे नुसते पाहिले. वानर मुकाट्याने फांदीवरून खाली उतरले. "या आजोबा, माझ्या मागोमाग या," असे म्हणून ते अस्वलाच्या पुढे हळूहळू चालू लागले.

तात्पर्य : आपल्याला ऐकून ऐकून जुना झालेला प्रश्न विचारणाऱ्यासाठी नवाच असतो. उत्तर सर्वांना सापडेल असे मांडून ठेवावे, आणि तरीही कोणी विचारले तर त्याला न हसता वाट दाखवावी.